वरच्या वाडीची वाट

स्कोर्डाल, १८ फेब्रुवारी १९६८

तोर्मोद,

वर 'प्रिय' लिहिलं नाही म्हणून रुसू नकोस. नाताळात तुझं नुसतं कार्ड आलं, त्यावर सहीखेरीज अक्षर नव्हतं. 'प्रिय' आता तू कमवायचं आणि मग मी लिहायचं.

बाबा हातापायांनी ठणठणीत आहेत. ईस्टरला स्कीवर येणाऱ्यांसाठी बर्फातल्या वाटा आखायला त्यांनी याही वर्षी सुरुवात केली. बर्चच्या झाडाचे फोक तोडून, मोळी बांधून, बर्फावरची ती जुनी घसरगाडी ओढत सकाळीच निघतात. चर्चमागची वाट, गिरणीची वाट, रानातली, सगळीकडे फोक कसे एका रेघेत. त्यांच्या हातांना काही सांगावं लागत नाही. पण घोडेदगडापाशी आले की घोळ होतो. तिथून वाट उजवीकडे उतारावरून डोंगरावरच्या मुक्कामाच्या झोपडीकडे जाते, हे शेंबडं पोरही सांगेल. बाबा मात्र डावीकडे वळतात आणि सरळ खाली धरणाच्या तलावाकडे फोक रोवत सुटतात. आपल्या वरच्या वाडीकडे, त्या डोंगरातल्या खोलगटात.

वाडी पाण्याखाली गेली, हे ते विसरलेत रे.

आणि तेवढंच नाही. आई गेली हेही विसरलेत. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, इकडे कुठे?" तर म्हणाले, "अगं, तुझी आई वर आहे ना शेळ्यांपाशी. ईस्टरला खाली येणार. तिची नजर अधू, धुकं पडलं तर चुकेल बिचारी. फोक जवळजवळ रोव." मी तोंड फिरवलं आणि रोवू लागले. काय करणार?

तू उत्तरेत राहून विसरला असशील म्हणून सांगते. थंडीभर विजेसाठी पाणी सोडतात, तलाव खाली जातो आणि बर्फ वर तसाच लटकत राहतो, पोकळ. कडेला तर फुटून कललेला असतो. आणि आपले लोक! धुक्यात स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार नाहीत, पण बाबांच्या फोकावर ठेवतील, 'हाल्वारने रोवलाय' म्हणून. ईस्टरला शहरातली मंडळी पोराबाळांना घेऊन येतील, पाठीवर संत्री आणि कॉफीचा थर्मास, आणि फोकामागे फोक बघत थेट तलावात.

म्हणून बाबा जेवून आडवे झाले की मी परत जाते. खालचे फोक उपटते आणि उतारावर नीट रोवून येते. दुसऱ्याचा फोक उपटायचा नाही, हे आपल्याला चालता येण्याआधी शिकवलेलं. आणि मी बापाचे उपटतेय. गावाला सगळं ठाऊक आहे. कोणी चकार शब्द काढत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गुनवोर

—

नार्विक, २७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून हसू की रडू कळेना. म्हातारा माणूस एकदा डावीकडे वळला, तर तू थेट त्याचं डोकं गेलं असं ठरवून टाकलंस. बाबांच्या पायात ती वाट लहानपणापासून आहे, पाय वळले असतील. आणि मागून जाऊन फोक उपटतेस? मला इथे बसून लाज वाटली. गावच्या स्की मंडळाला सांग ना सरळ, यंदा दुसऱ्या कोणाला तरी वाटा द्या म्हणून.

धरणाबद्दलचा टोमणाही पोचला. ज्या दिव्याखाली तू पत्र लिहितेस तो त्याच पाण्यावर जळतो, एवढंच सांगतो. तेव्हाही सांगत होतो. कोणी ऐकून घेतलं नाही.

इथे बोगद्याचं काम जोरात आहे. माझ्या हाताखाली नवी माणसं आली आहेत, एकालाही सुरुंग नीट भरता येत नाही. सुट्टी मिळणं कठीण.

तोर्मोद

ता. क. माझं नाव काढतात का कधी?

—

स्कोर्डाल, ६ मार्च

प्रिय तोर्मोद,

घे, 'प्रिय' लिहिलं. तुझ्या त्या ताजा कलमासाठी. बाकी पत्र म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं होतं.

मंडळाला सांग म्हणे! अध्यक्ष स्वतः आले होते, टोपी हातात धरून उभे. म्हणाले, "गुनवोरबाई, हाल्वारना कोण सांगणार? तुम्ही मागून थोडं बघाल का?" सगळ्या गावाने मिळून ते ओझं माझ्या खांद्यावर दिलं. आणि खरं सांगू, मलाही सांगवत नाही. दिवसभर हा माणूस कपाट उघडून कशाला उघडलं म्हणून उभा राहतो, मला कधी गुनवोर म्हणतो, कधी आत्याचं नाव घेतो. पण स्कीवर उभा राहिला की पुन्हा आपला बाबा. ते काढून घेतलं तर उरेल काय?

आता तुझं. नाव काढतात का म्हणून विचारतोस. रोज काढतात! काल म्हणाले, "तोर्मोद अजून कसा आला नाही? गेल्या वर्षी त्याला जरा जास्तच रागावलो का गं मी?" अरे, त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं ते सगळं पुसलं गेलंय. तलाव भरायच्या आधी वाडीतली घरं पेटवली, त्या धरणाच्या टोळीत तू होतास, आपलं घर तू स्वतः पेटवलंस, ते घोडेदगडापाशी उभं राहून बघत होते, यातलं काही म्हणजे काही राहिलेलं नाही. राहिलाय तो लाडका मुलगा, ज्याला स्कीला मेण लावायला कधी जमलं नाही.

तोर्मोद, ये. ईस्टरपर्यंत तुझं नाव राहील की नाही देव जाणे. ते तुला पोटाशी धरतील. मला तुम्हा दोघांना एकदा एका टेबलाशी बघायचंय, दुसरं काही नको.

गुनवोर

—

नार्विक, १४ मार्च

प्रिय ताई,

पत्र खिशात घालून फिरतोय. उत्तर लिहायला बसलो की कागद फाडतो.

मी येणार नाही. रागावू नकोस, आधी ऐक. ते घर मी पेटवलं कारण कोणीतरी परका पेटवणार होता. म्हटलं, आपलं आहे, आपल्या हातून जाऊ दे. हे त्यांना सांगायला मी किती वेळा त्या दारात उभा राहिलो, तुला माहीत आहे. ते माझ्याकडे न बघता लाकडं फोडत राहायचे. जे झालं ते माहीत असलेल्या बापाने "ये" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ज्याला काही आठवत नाही त्याने पोटाशी धरलं, तर ते प्रेम कोणाला मिळालं? मला नाही. त्यांना आठवणाऱ्या कुठल्यातरी दुसऱ्या पोराला.

दुधाची तहान ताकावर भागवायला सांगू नकोस.

तोर्मोद

—

जिल्हा इस्पितळ, २० मार्च

तोर्मोद,

माझा पाय मोडला. मांडीचं हाड, दोन ठिकाणी. काल दुपारी खालचे फोक काढायला गेले, कडेचा बर्फ माझ्याखाली खचला आणि स्की फटीत अडकली. बोर्गहिल्डने स्वयंपाकघरातून मला जाताना पाहिलं होतं, परत येताना पाहिलं नाही, म्हणून ती निघाली. शेजारणीच्या चोंबडेपणाला मी आयुष्यभर नावं ठेवली, आता कानाला खडा.

पाय दोरीने छताला टांगलाय. ईस्टर इथेच जाणार. बाबा बोर्गहिल्डकडे जेवतात, पण तिला स्की जमत नाही, त्यांच्यामागे कोण जाणार? आज सकाळी ते एकटेच तलावापर्यंत जाऊन आले, असा तिचा निरोप आहे.

मी कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे. दूध, ताक, जे काय मिळेल ते पी, पण उद्याची गाडी पकड.

ताई

—

स्कोर्डाल, २९ मार्च

प्रिय ताई,

आलो. पाय कसा आहे? डॉक्टरांशी भांडू नकोस.

स्टेशनवरून घरापर्यंत येताना मी दोनदा मागे वळलो, खोटं कशाला बोलू. बाबा अंगणात फोक सोलत बसले होते, बुंध्याकडची साल काढून टोक करत. मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आलास? उशीर केलास. चल, धर ही मोळी." बस, एवढंच. मग एकदम उठले आणि दोन्ही हातांनी माझे कान धरले, लहानपणी थंडीत धरायचे तसे. "गार पडलेत," म्हणाले.

ताई, मी तुला ताक-बिक काय ते लिहिलं होतं ना, ते विसर. मी गोठ्यामागे जाऊन पोटभर रडलो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही जोडीने निघतो. मी सरावात नाही, चढावर स्की मागे घसरते. बाबांना तर पर्वणीच. "मेण लावलंस की लोणी फासलंस?" "बोगदे खणून खणून घूस झालास, उजेडात चालता येत नाही." गिरणीच्या चढावर मी आडवा झालो, तेव्हा इतके हसले की काठीला धरून उभे राहिले. जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगतात, "हा माझा तोर्मोद." लोक "हो हो, ओळखतो ना" म्हणतात आणि माझी नजर चुकवतात.

घोडेदगडाबद्दल तू लिहिलंस ते सगळं खरं होतं. मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, मला माफ कर. तिथे वळले की त्यांची चालच बदलते गं. तरण्या माणसासारखे उतरतात. फोक हातभर अंतरावर रोवतात, जिथे तिथे थांबून खाली वाकून बघतात, आईच्या उंचीवरून दिसतोय का म्हणून. मी तलावाच्या बर्फापाशी "बाबा, मी दमलो" म्हणतो, तुझीच युक्ती, बोर्गहिल्डने सांगितली. दमलेल्या माणसाला ते पुढे नेत नाहीत. लगेच वळतात.

मग ते झोपले की मी जातो आणि उपटतो.

तोर्मोद

—

जिल्हा इस्पितळ, ३ एप्रिल

प्रिय, प्रिय, प्रिय तोर्मोद,

घे, तीनदा. वाचताना इतकी रडले की शेजारच्या खाटेवरच्या बाईने परिचारिकेला बोलावलं. तिला वाटलं पाय दुखतोय. मग मी तिला कान धरल्याचं वाचून दाखवलं, तर तीही रडली. आता आमच्या खोलीत सगळ्यांना बाबा माहीत आहेत.

आता कामाचं. ते कधीतरी झोपेतून लवकर उठतील आणि तुला उपटताना बघतील. माझ्यावर दोनदा ती वेळ आली. घाबरायचं नाही. म्हणायचं, "वाऱ्याने पडले बाबा, नीट करतोय." ते म्हणतात, "शाब्बास," आणि स्वतः मदतीला येतात. मग त्यांना म्हणायचं, घरी कॉफी गार होतेय. एवढं पुरतं.

खोटं बोलायला जड जाईल तुला, तू पहिल्यापासून सरळसोट. पण हे खोटं म्हणजे त्यांच्या अंगावर पांघरूण घालणं आहे, असं समज. आईबद्दल विचारलं तर "वर आहे, बरी आहे" म्हण. कधीकधी ती चीज कुठलं आणेल यावर गप्पा मारतात, त्यात भाग घे. तपकिरी चीज म्हटलं की खूश होतात.

ताई

—

स्कोर्डाल, ५ एप्रिल

प्रिय ताई,

सगळं ठीक. उद्यापासून पाहुणे यायला लागतील, गावातल्या खिडक्यांत ईस्टरचे पिवळे पडदे लागलेत. वाटा तयार आहेत.

एक सांगतो, हसू नकोस. ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात, तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटतं. पहिल्या दिवशी वाटलं नव्हतं. आता रोज जास्त वाटतं. काल त्यांनी बोर्गहिल्डला सांगितलं, "या पोराने मला आयुष्यात एकदाही दुखावलं नाही." ती बटाटे सोलत होती, सोलतच राहिली. मी काय करावं? ज्या गोष्टीचं ओझं मी इतकी वर्षं वाहतोय ती त्यांनी खाली टाकली आणि मी एकटाच ती घेऊन उभा आहे. एकदा, फक्त एकदा, सगळं सांगावं आणि मग जे होईल ते होऊ दे, असं वाटतं. माणूस म्हणून ते एवढे मोठे आहेत, आता माफ करतील. मला दिसतंय ना त्यांच्या डोळ्यांत.

तू काय म्हणतेस?

तोर्मोद

—

जिल्हा इस्पितळ, ९ एप्रिल

तोर्मोद,

नाही. नाही. नाही.

पत्र आत्ता मिळालं, आत्ताच लिहितेय, सुट्ट्यांच्या आधीचं शेवटचं टपाल निघायच्या आत. सांगू नकोस. तुला वाटतं तू एक घर पेटवल्याचं सांगणार. ते एकटं नाही येणार रे, त्याच्या मागून काय काय येईल याचा विचार केलास का? सुंभ जळला तरी तुझा पीळ जात नाही. तुझं ओझं तू वाहा. मी माझं वाहते.

त्यांना काही सांगू नकोस. माझी शपथ.

ताई

—

जिल्हा इस्पितळ, १७ एप्रिल

तोर्मोद,

ईस्टर संपला. पाहुणे परत गेले असतील. तुझं एक अक्षर नाही.

काल बोर्गहिल्ड आली होती, संत्री घेऊन. ही बाई, जी कोंबडीने अंडं कुठे घातलं तेही अर्धा तास सांगते, ती दहा मिनिटं खुर्चीत गप्प बसली. बाबा कसे आहेत विचारलं, तर म्हणाली, "जेवतात थोडं." वाटा कशा आहेत, तर म्हणाली, "आता जात नाहीत." आणि संत्रं सोलून माझ्या हातात ठेवलं.

काय झालं? मी मोठी आहे, मला ऐकता येतं.

ताई

—

स्कोर्डाल, १९ एप्रिल

ताई,

तुझं 'नाही नाही नाही' मला काल मिळालं. टपाल सुट्टीत अडकलं होतं. आधी मिळालं असतं तर मी ऐकलं असतं का, हे मला सांगता येत नाही. ऐकलं असतं असं लिहिणार होतो, पण तुला फसवून काय मिळणार.

ईस्टरच्या आधीच्या बुधवारची गोष्ट. दुसऱ्या दिवसापासून ईस्टरची मोठी गर्दी, म्हणून मी लवकरच खाली उतरलो. धुकं होतं. अर्धे फोक उपटून झाले तेव्हा मागून आवाज आला, "कोण रे तो? दुसऱ्याचे फोक उपटतोस?" असा आवाज मी लहानपणीही ऐकला नव्हता. वळलो, तर बाबा. काठी उगारलेली. मला ओळखलं आणि काठी हळूच खाली आली. "तोर्मोद? तू?"

तू दिलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. वाऱ्याने पडले. एवढंच म्हणायचं होतं. मी नाही म्हटलं.

मी म्हटलं, "बाबा, पुढे वाडी नाही. धरण आहे." ते म्हणाले, "काहीतरीच." मी त्यांचा हात धरून कडेपर्यंत नेलं. धुकं जरा वर सरकलं होतं, धरणाची भिंत दिसत होती. मी सगळं सांगितलं. घरं जाळली ते, आपलं मी जाळलं ते, का जाळलं ते. तुम्ही दगडापाशी उभे होतात. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी भडाभडा बोलत होतो, ताई, इतक्या वर्षांचं. ते भिंतीकडे बघत होते. आणि मला दिसलं, त्यांना आठवलं. चेहऱ्यावर आधी जबडा घट्ट झाला, अगदी तसाच, लाकडं फोडताना व्हायचा तसा. मला बरं वाटलं! ऐकतेस? त्या क्षणी मला बरं वाटलं. म्हटलं, आता हे माझे खरे बाबा, आता काय ते होऊ दे.

मग त्यांनी विचारलं, "आणि ओस्ता?"

या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता. बाकी सगळ्याची उत्तरं तयार होती. ते पुन्हा म्हणाले, "तोर्मोद, तुझी आई कुठे आहे?"

मी म्हटलं, "घरं जाळली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आई गेली, बाबा."

ते बर्फावर खाली बसले. मी त्यांच्यासमोर गुडघे टेकले, म्हटलं, मला माफ करा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हे मी तुला शपथेवर सांगतो, ठेवला. म्हणाले, "अरे, घराचं काय घेऊन बसलास. त्याचा राग मी तुझ्यावर कशाला धरीन? पण आज सकाळपर्यंत ती होती रे. आज सकाळपर्यंत होती."

मग उठले आणि उरलेले फोक स्वतः उपटले. एकेक उपटायचे, बर्फ झटकायचे, मोळीत ठेवायचे. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "राहू दे. उद्या लोक येतील, चुकतील." उतारावरची वाट त्यांनीच रोवली, घोडेदगडापासून झोपडीपर्यंत, एकही फोक वाकडा नाही. ईस्टरभर कोणी चुकलं नाही.

तेव्हापासून ते घरातच आहेत. खिडकीपाशीही बसत नाहीत. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी विसरतील. मी देवाला इतक्या वर्षांनी काही मागितलं ते हे, की विसरू देत. बाकी सगळं विसरतात, ताई. दुपारी जेवलो का ते विसरतात, बोर्गहिल्डला आज तीन नावांनी हाक मारली, मला "पाहुणे" म्हणाले. धरणही विसरले, विचारून पाहिलं. पण आई गेली हे विसरत नाहीत. सकाळी उठतात आणि त्यांना ते माहीत असतं.

मला जी क्षमा हवी होती ती मिळाली. मी ती घेऊन काय करू?

तोर्मोद

—

जिल्हा इस्पितळ, २३ एप्रिल

तोर्मोद,

पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं, पुन्हा तुझं तोंड पाहायचं नाही. तसं लिहिलंही होतं, दोन पानं. परिचारिका टपालात टाकायला घेऊन जात होती, तिला हाक मारून परत मागितलं आणि फाडलं. तू नसशील तर बाबांना कोण भरवणार? आणि तू मेल्यासारखा झाला असशील, हे मला न बघता दिसतंय.

एक सांगते, कोणाला सांगू नकोस. मी रोज ते फोक उपटायचे ना, तेव्हा प्रत्येक फोकाला जिवावर यायचं. वाटायचं, मी तिची वाट मोडतेय. बाबा म्हणायचे, ईस्टरला येईल, आणि मी विचारायचे, काय आणेल? ते म्हणायचे, चीज आणेल, तुझ्यासाठी लोकरीचे हातमोजे आणेल. एकदा तर मी तिची खोली झाडून ठेवली. बाबांचं मन राखायला म्हणून झाडली, पण चादर बदलताना मी गुणगुणत होते. आईला पुरून आल्यावर मी पहिल्यांदा गुणगुणले असेन. मला माहीत होतं रे सगळं. तरी ती होती. म्हणून तुझं पत्र वाचून मलाही तिचं सुतक लागलं, आणि ते तुला न सांगता राहवत नाही.

आता झालं ते झालं. तुला शिक्षा करून आई परत यायची नाही. नार्विकला कळव की येत नाही म्हणून. इथेच राहा. त्यांना सकाळी एकटं उठू देऊ नकोस, डोळे उघडतील तेव्हा शेजारी बसलेला असत जा. बोलला नाहीस तरी चालेल.

पायाची दोरी काल काढली. पुढच्या मंगळवारी कुबड्यांवर घरी सोडतील, दुपारच्या गाडीने. तू स्टेशनवर ये आणि बाबांना घेऊन ये, बोर्गहिल्डची घोडागाडी माग. ते मला ओळखतील, न ओळखतील. तरी रोज सकाळी त्यांना सांग की गुनवोर येणार आहे. विसरले तर पुन्हा सांग. कोणीतरी येतंय, एवढं त्यांना ऐकू दे.

ताई